तेरणेत सोडलेला मेंढा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरी म्हणतात. साफ खोटं आहे. शेंड्यावरचा राग शिंकेसरशी उडून जातो, माझा वर्षानुवर्षं टिकतो. मी निवृत्त होऊन वर्ष होऊन गेलं, मेंढ्याची गोष्ट त्याच्याही आधीची. पण परवा दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा’ असा फोन आला, तेव्हा मी सांगून टाकलं की मी इंटर्नशिपवर लिहीन आणि गोड काही लिहिणार नाही. संपादक बिचारे म्हणाले, चालेल. आता त्यांनी भोगावं.

धाराशिवात आमच्या शिक्षणसंस्थेचं एक निसर्ग इतिहास संग्रहालय आहे. कॉलेजच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराचा एक लांबट हॉल, पुढं व्हरांडा, शेजारी एक जुना कडुनिंब. संस्थेतल्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी आयुष्यभर गोळा केलेला संसार तिथं मांडलाय. पेंढा भरलेला लांडगा, चिंकाऱ्याची शिंगं, बरण्यांतले साप, एक खवल्या मांजर, सुगरणीची घरटी, बालाघाटातले दगड. गावातले लोक त्याला ‘मेलेल्या जनावरांची खोली’ म्हणतात. मी तिथली क्युरेटर. क्युरेटर म्हणजे काय, असं माझ्या सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी वैतागून ‘मेलेल्यांची राखणदार’ असं सांगितलं होतं. त्या पुढं आयुष्यभर सगळ्या नातेवाइकांना तेच सांगत राहिल्या.

तसं ते बरोबरच होतं. लोकांना वाटतं, मेलेल्या जनावराला काय सांभाळायचं. पण जिवंत जनावर स्वतःची काळजी स्वतः घेतं, मेलेल्याची दुसऱ्याला घ्यावी लागते. पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरते, आमच्याकडच्या उन्हाळ्यात तेच कातडं तडकतं, आणि कीड तर बारा महिने टपलेली. बरण्यांची झाकणं कितीही घट्ट लावा, आतलं फॉर्मलीन हळूहळू उडतं. ते वेळेवर भरलं नाही तर वर आलेलं सापाचं वेटोळं वाळून कडकडीत होतं. रोज थोडं थोडं बघत राहणं, एवढंच हे काम आहे. एक आठवडा लक्ष दिलं नाही की पन्नास वर्षांची वस्तू जाते.

बघायला येणारे लोकही एकेक नमुने असायचे. एक गृहस्थ दर वर्षी खवल्या मांजराचा एक खवला मागायला यायचे, पाठदुखीवर उगाळून लावायला. मी दर वर्षी हाकलायची आणि ते दर वर्षी हात जोडून निघून जायचे. एका बाईंनी बरणीतल्या मांडुळाचा भाव विचारला होता. मी चिडायची, पण खरं सांगते, ही माणसं मला आवडायची. त्यांना आत ठेवलेल्या वस्तूत रस होता, भले तो चुकीचा का असेना.

मग इंटर्नशिप आली. नव्या अभ्यासक्रमात पदवीच्या प्रत्येक मुलानं कुठंतरी जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं, त्याला गुण, आणि ते गुण नसतील तर ते सत्र अडकलं. कल्पनेला नावं ठेवायला जागा नाही. मला तर आनंदच झाला. इतकी वर्षं एकटीनं ब्रश मारल्यावर हाताखाली शिकणारी मुलं मिळणार होती. मी त्यांच्यासाठी हातमोजे आणि मास्क आणून ठेवले, कुणाला काय शिकवायचं ते मनात ठरवलं.

माझ्याकडं तीस मुलं नेमली होती. पहिल्या दिवशी तीसच्या तीस आली. लांडग्याच्या गळ्यात हात टाकून सगळ्यांनी फोटो काढले आणि लांडग्याचा एक कान सैल करून ठेवला. जाताना एकानं विचारलं, “मॅडम, सही आत्ताच देता का शेवटी एकदम?” दुसऱ्या दिवशी चार आली. आठवडा संपला तेव्हा एक उरली होती.

बाकीची कुठं गेली? काही शेतात, काही दुकानांत, काही पुण्याला भरतीच्या तयारीला. त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या, मी दगड नाही. कुणी येऊन सांगितलं असतं तर रविवारी, सुट्टीत, काहीतरी वाट काढली असती. पण अडचण सांगायला कुणी आलं नाही, सगळे सही मागायला आले. एका मुलाचे वडील तर ज्वारीचं पोतं स्कूटरवर टाकून आले. म्हणाले, पोरगं तिकडं पोलीस भरतीसाठी पळतंय, त्याला इथं मेलेल्या जनावरांत बसवून तुमचा काय फायदा. मी पोतं जसं आलं तसं परत न्यायला लावलं. बाई लई कडक हाय, असं ते फाटकाबाहेर कुणाला तरी सांगत होते. माझ्या नोकरीत मला मिळालेलं ते एकमेव प्रशस्तिपत्रक.

जी एक उरली तीसुद्धा मला पुरती मिळायची नाही. संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस आला की रांगोळीला मुलगी पाहिजे, पाहुणे आले की गुच्छ द्यायला मुलगी पाहिजे. ‘तुमची ती इंटर्न पाठवा’ असा ऑफिसातून निरोप यायचा. इंटर्न म्हणजे फुकटची माणसं, असा या शब्दाचा अर्थ आमच्याकडं लागला होता. मी दोनदा पाठवलं नाही, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून सहकार्याचं महत्त्व समजावून सांगितलं.

ही मुलगी सारिका. भूम तालुक्यातल्या ईटची, धाराशिवात हॉस्टेलवर राहायची. घरी मेंढरं. वडील कळप घेऊन रानोमाळ फिरायचे. सुरुवातीला ती फार बोलायची नाही. एक दिवस लांडग्याचा कान मी शिवत होते आणि ती दोरा धरून उभी होती. मधेच म्हणाली, “मॅडम, लांडगा हाय, मेंढरू न्हाई. मग ह्यो इथं कशाला आलाय?”

मी सुई खाली ठेवली. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. शेळी, मेंढी, गाय ही आपली रोजची जनावरं, त्यांना कोण संग्रहालयात ठेवतं? पण आमच्या माळांवरच्या लांडग्याचं पोट मेंढरांवर, आणि मेंढपाळाची झोप लांडग्यापायी उडालेली. दोघं समोरासमोर असल्याशिवाय आमच्या जिल्ह्याची गोष्ट पुरी होत नाही. शिवाय रानातलं जनावर मेलेलं सापडलं तरी उचलून आणता येत नाही, मोराच्या पिसालाही वनखात्याला विचारावं लागतं. मेंढ्याला फक्त मालकाची परवानगी लागते. मी सारिकाला म्हणाले, तुझ्या इंटर्नशिपचं काम हेच. मेंढ्याचा सांगाडा उभा करायचा, लांडग्यासमोर.

पावसाच्या सुरुवातीला तिच्या वडिलांचा म्हातारा मेंढा मेला. कळपाच्या पुढं चालणारा, वडिलांचा लाडका. त्यांनी खड्डा खणायला घेतला होता. सारिकानं फोन करून थांबवलं. दुसऱ्या दिवशी एका टेम्पोत घोंगडीत गुंडाळलेला मेंढा आणि शेजारी बसलेले तिचे वडील अप्पा, असे दोघं संग्रहालयासमोर उतरले. कातडं त्यांनी स्वतःच्या हातानं काढलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. काम झाल्यावर हात धुऊन माझ्याकडं आले.

“बाई, उभा ऱ्हाईल ना?”

मी म्हणाले, “अप्पा, राहील. दसऱ्याला बघायला या.”

सांगाडा करणं हे नाजूक हातांचं आणि निबर नाकाचं काम आहे. हाडांना चिकटलेलं मांस आधी कुजू द्यायचं. त्यासाठी हाडं पाण्यानं भरलेल्या पिंपात झाकून ठेवायची आणि पाणी बदलत राहायचं. तो वास एकदा कपड्यांत शिरला की साबणाला दाद देत नाही. सारिका हॉस्टेलवर गेली की मुली खिडक्या उघडायच्या. तिनं एकदाही तक्रार केली नाही. मांस सुटलं की धुण्याच्या सोड्यात चरबी काढायची, मग पेरॉक्साइडमध्ये हाडं पांढरी करायची, मग सावलीत वाळवायची. उन्हात टाकली तर चिरतात.

यात सगळ्यात मोठी भीती हाडं एकमेकांत मिसळण्याची. खुराजवळची लहान लहान हाडं डावी कुठली, उजवी कुठली, पुढची का मागची, हे एकदा विस्कटलं की जुळवताना डोळे फुटतात. म्हणून एकेका पायाची हाडं पहिल्यापासून वेगवेगळ्या फडक्यात बांधून ठेवायची. चार पायांची चार गाठोडी, बरगड्यांचं एक, मणक्यांचं एक. सारिकानं पांढऱ्या मांजरपाटाची स्वच्छ फडकी आणली. उंदीर-कुत्र्यांपासून लांब म्हणून ती सहा गाठोडी आम्ही कडुनिंबाच्या फांदीला टांगली. मुंडकं तेवढं शिंगांसह आत माझ्या टेबलावर होतं, त्याचा एक सैल दात तिनं चिकटवला होता.

आता बाहेरच्या वाचकांनाही अंदाज आला असेल. मला आला नाही, कारण मला ती हाडं हाडंच दिसत होती.

पितृपंधरवडा सुरू होता. सासऱ्यांच्या म्हाळासाठी मी लातूरला गेले. सारिकाही घरच्या म्हाळासाठी ईटला गेली. आणि त्याच वेळी घट बसायच्या आधी परिसर स्वच्छ करा, इंटर्न पोरांना लावा, फोटो काढा, असा हुकूम सुटला. इतके दिवस न फिरकलेल्यांतली बरीच हजर झाली. झाडूनं झाडत कडुनिंबाखाली आली आणि वर बघितलं, तर पांढऱ्या फडक्यांत बांधलेली, झाडाला टांगलेली गाठोडी. पंधरवड्याचे दिवस. त्यांच्या मनात जे आलं ते आमच्याकडच्या कुणाच्याही मनात आलं असतं. अस्थी.

विसर्जनाआधीच्या अस्थी आपण घरात आणत नाही, बाहेर झाडाला टांगतो. आणि अस्थींचं गाठोडं कुणी सोडून बघत नाही. चार मुलांनी ती सहा गाठोडी डोक्यावर रुमाल टाकून उतरवली, मोटारसायकलींवर मांडीत घेतली, तेरला गेली आणि तेरणा नदीत सोडून आली. नारळ फोडला, फुलं वाहिली, अंघोळ केली. एकाच्या आईनं तर घराच्या दारातच त्याच्या अंगावर पुन्हा पाणी ओतलं. संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला. बेवारस अस्थींना मुक्ती. खाली प्राचार्यांचा अंगठा आणि दोन हात जोडलेले.

मी तो व्हिडिओ लातूरला, जेवणाच्या पंगतीत बघितला. गाठोडी ओळखली आणि आधी हसले, शेजारच्या बाई दचकल्या इतकी. म्हाळाच्या दिवशी एका मेंढ्याला नारळ-फुलांसह सद्गती मिळाली होती. मग मला सारिका आठवली आणि जेवण तसंच राहिलं.

परत येऊन मी त्या चौघांना बोलावलं. त्यांचा म्होरक्या ओंकार. माणसाच्या अस्थी एका लहानशा मडक्यात मावतात, ही सहा गाठोडी कुणाची वाटली तुला, असं मी विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला, “कोरोनातली असत्याल असं वाटलं. एकाच घरातली लई जण गेली व्हती तवा.”

यावर काय रागवायचं? त्या वाक्यावर मी रागवू शकले नाही. मुलं वाईट नव्हती. वाईट वाटून, भीती बाळगून, श्रद्धेनं त्यांनी ते केलं. माझा राग वेगळाच होता. त्या तीन महिन्यांत ही मुलं एक दिवस, फक्त एक दिवस कामाला आली असती, तर गाठोड्यांत काय आहे ते त्यांनी स्वतः बांधलं असतं. आणि सगळ्यांना त्यांच्या कामाबद्दल माझी सही हवी होती. नंतर काही शहाण्यांनी मला सुचवलं की मी झाडाला पाटी लावायला हवी होती. जिथं काम शिकायला यायचं तिथल्या कामाची ओळख पाटीवरून करून घ्यायची असेल, तर पोस्टानंच शिका.

सारिका ओंकारला घेऊन तेरला गेली. नदी गढूळ होती आणि पाणी जोरात होतं. परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. एकही हाड हाती लागलं नव्हतं. मेंढ्याच्या मुंडक्यावरची धूळ पुसत बसली.

सत्र संपत आलं होतं, नवरात्रातच सह्यांची वेळ आली. प्राचार्यांनी पत्र तयार ठेवलं होतं, तिसांची नावं आणि खाली माझी जागा. त्या चौघांचं विसर्जन ‘सामाजिक बांधिलकी’ म्हणून धरलं होतं, वर्तमानपत्रात बातमीही आली होती. मी म्हणाले, मी एकाच मुलीसाठी सही करीन. ते म्हणाले, तिचं काम कुठाय, दाखवा. मी मुंडकं दाखवलं. ते म्हणाले, मेंढ्याची मुंडी काय, कुठल्याही खाटकाकडं मिळते. मी आवाज चढवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि सांगितलं की संस्थेकडून एकच पत्र जातं, त्यातलं नाव खोडता येत नाही, एक तर सगळ्यांना किंवा कुणालाच नाही. आणि कुणालाच नाही झालं, तर त्या मुलीचं सत्र तुम्ही बुडवलं असं होईल.

माणूस कुठं दाबायचं ते बरोबर ओळखून होता. मी बाहेर येऊन सारिकाला सगळं सांगितलं. म्हणाले, मी करते सही, तुझं सत्र जाता कामा नये. ती व्हरांड्याच्या कठड्यापाशी उभी होती.

“मॅडम, ज्येंनी माझा मेंढा पाण्यात सोडला त्येंच्या वळीत माझं नाव नका घालू. म्या पुन्यांदा करीन.”

मी सही केली नाही. दोन दिवसांनी कळलं, संग्रहालयाचे प्रमुख या नात्यानं संस्थेच्या कार्यवाहांनी सही केली. या गृहस्थांनी उद्घाटनाची फीत कापल्यानंतर संग्रहालयात पाऊल टाकलेलं नव्हतं. पत्रात एकोणतीस नावं होती. नाव खोडता येत नव्हतं ना? सारिकाचं आलं खोडता. पोलीस भरतीसाठी पुण्यात पळणारा पास झाला, पहिल्या दिवसानंतर ज्याचा चेहरा मी पाहिला नाही तो पास झाला, आणि जिच्या कपड्यांना महिनाभर कुजक्या पाण्याचा वास होता तिच्या निकालावर ‘काम अपूर्ण’ असा शेरा पडला.

दसऱ्याला अप्पा आले. स्वच्छ धोतर, डोक्याला नवा पटका, हातात आपट्याची पानं. त्यांना कुणी कळवलं नव्हतं. सारिका म्हणाली होती, फोनवर सांगवत न्हाई. मी लांडग्यासमोरच्या रिकाम्या चौथऱ्यावर मुंडकं ठेवलं होतं, मागं धड नाही, पाय नाहीत. त्यांनी ते बघितलं, शिंगावरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळले. मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. सारिका भिंतीकडं तोंड करून उभी होती.

त्यांनी विचारलं, “नारळ फोडला व्हता का?”

“फोडला होता, अप्पा. फुलंही वाहिली.”

“मग त्येचं बरं झालं. पोरीचं काय करता?”

त्यांनी आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, मी वाकून नमस्कार केला, आणि ते बसस्टँडकडं चालत गेले.

मी पुढं बरंच केलं. विद्यापीठाला लिहिलं, संस्थेच्या बैठकीत भांडले, पुढच्या तुकडीला रोज हजर असल्याशिवाय आत घेणार नाही असं जाहीर केलं. परिणाम असा झाला की कॉलेजनं संग्रहालयाकडं इंटर्न पाठवणंच बंद केलं. क्युरेटर असहकार्य करतात, असं कारण दिलं. सारिकाला मी माझ्याकडंच पुन्हा येऊ द्या म्हणून मागितलं, तेही नाकारलं. त्यांनी तिला स्टँडजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात पाठवलं. पुढच्या सत्राचा निकाल लागला त्या दिवशी तिचा फोन आला. इंटर्नशिपमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, सत्र सुटलं होतं. मला खरंच बरं वाटलं आणि मी मोठ्यानं तिचं अभिनंदन केलं.

पलीकडून ती म्हणाली, “अभिनंदन करू नका, मॅडम. तितं म्या एक दिवस बी गेले न्हाई.”